‘योद्धा’ म्हणण्याआधी नावे लिहा

१/
मार्च २०२० नंतर आपल्या भाषेत एक शब्द रूढ झाला : ‘कोविड योद्धा’. फलकांवर, भाषणांत, प्रशस्तिपत्रांत तो सर्वत्र दिसू लागला. हा शब्द इतिहासात जसाच्या तसा शिरू देऊ नये, एवढेच या धाग्याचे प्रतिपादन आहे. रुग्णालयात काम करताना ज्यांना करोनाची लागण झाली, त्यांतील अनेकांना ती कामाच्या जागी, टाळता येण्याजोग्या कारणाने झाली. पुरावे १८९६ पासूनचे आहेत. धागा लांब आहे, शांतपणे वाचावा.

२/
प्रथम पद्धतीविषयी. मराठी इतिहासलेखनाला वि. का. राजवाडे यांनी एक शिस्त लावली : बखरीच्या रसाळ वर्णनापेक्षा अस्सल कागदाचा कपटा अधिक मोलाचा. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, तो याच आग्रहातून. किल्ल्याच्या लढाईला आपण ही कसोटी लावतो. मग आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या महामारीला ती का लावू नये? ‘योद्धा’ ही बखर झाली. कागद काय सांगतो?

३/
आणि ‘योद्धा’च म्हणायचे असेल, तर त्या शब्दामागची जबाबदारीही मान्य करावी. मराठेशाहीत लढाईत कामी आलेल्या शिपायाच्या कुटुंबाला निर्वाहासाठी जे दिले जाई, त्याला ‘बालपरवेशी’ म्हणत. ती द्यायची म्हणजे दप्तरात नाव हवे, पथक हवे, कुठल्या लढाईत पडला हे हवे. गौरवाला नोंदीची जोड होती. नोंदीशिवायचा गौरव हे आपल्या काळाचे वैशिष्ट्य आहे.

४/
आता कागद पाहू. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत प्रश्न आला : करोनाने किती आरोग्य कर्मचारी बाधित झाले, किती मृत्यू पावले? आरोग्य राज्यमंत्र्यांच्या उत्तराचा आशय असा होता : आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही, विमा योजनेखाली ज्यांनी मदत मागितली, त्यांचीच नोंद आहे. त्यावर भारतीय वैद्यक संघटनेने संताप व्यक्त करून मृत्यू पावलेल्या ३८२ डॉक्टरांची यादी पुढे ठेवली.

५/
फेब्रुवारी २०२१ मध्ये संसदेत आकडे आले : १६२ डॉक्टर, १०७ परिचारिका, ४४ आशा सेविका. संघटनेच्या मते तोपर्यंत केवळ डॉक्टरांचेच मृत्यू सातशेहून अधिक होते. एकाच घटनेची दोन साधने, आणि त्यांत चौपटीहून अधिक तफावत! शिवाय दोन्ही याद्यांत जे नाहीत, त्यांचे काय? वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, शवागारात काम करणारे यांना योद्धा तर म्हटले. त्यांची वेगळी बेरीज मात्र कुणी मांडली नाही.

६/
हे दुखणे जुने आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. रुग्णांना आर्थर रोड रुग्णालयात हलवू लागले. लोकांना रुग्णालयाचीच धास्ती वाटत होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या सुमारे हजारभर जमावाने त्यावर हल्ला केला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. तेच रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते, आणि मार्च २०२० मध्ये मुंबईचे पहिले करोनाग्रस्त तेथेच दाखल होत होते. वास्तू तीच, कायदाही तोच.

७/
त्याच साथीतील एक मृत्यू महाराष्ट्र कधी विसरणार नाही. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ उघडलेल्या दवाखान्यात त्या रुग्णसेवा करीत होत्या. एका प्लेगग्रस्त मुलाला स्वतः उचलून आणताना त्यांना लागण झाली, असे सांगितले जाते. लोक भीतीने आजार लपवीत असताना ही स्त्री रुग्णांपर्यंत जात होती. तिच्या त्यागाबद्दल दुमत संभवत नाही.

८/
परंतु एक काळसंदर्भ ध्यानी घ्यावा. १८९७ मध्ये प्लेग माणसापर्यंत कसा पोचतो, हे जगात कुणालाच नीट ठाऊक नव्हते. पिसवांमार्फत तो पसरतो, हे पॉल-लुई सिमों याने कराचीत प्रयोगाने दाखवले ते १८९८ मध्ये, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. सावित्रीबाई अज्ञात संकटाला सामोऱ्या गेल्या. म्हणूनच २०२० मधील प्रत्येक मृत्यूला त्याच पंक्तीत बसवून ‘त्याग’ म्हणणे फसवे आहे. जेथे कारण ठाऊक होते, उपाय ठाऊक होता आणि तो पुरवला गेला नाही, तेथे दुसरा शब्द शोधावा लागतो.

९/
आता व्हिएन्नाला जाऊ. १८९७ मध्ये ऑस्ट्रियाचे एक वैद्यकीय पथक प्लेगचा अभ्यास करायला मुंबईत आले होते. त्यात डॉ. हेर्मान म्युलर होते. परतताना पथकाने प्लेगचे जंतू प्रयोगासाठी सोबत नेले. ऑक्टोबर १८९८ मध्ये व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेतील सेवक फ्रान्झ बारिश याला फुप्फुसांचा प्लेग झाला आणि तो दगावला. त्याच्यावर उपचार करणारे म्युलर गेले. त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका आल्बीने पेखा हीदेखील गेली. सारे काही दिवसांच्या अंतराने घडले.

१०/
क्रम पाहा : आधी सेवक, मग डॉक्टर, मग परिचारिका. जंतूने पदांचा भेद केला नाही. भेद केला तो स्मृतीने. प्लेगच्या इतिहासात म्युलर यांचे नाव ‘विज्ञानासाठी प्राणार्पण’ करणाऱ्यांत घेतले जाते. बारिश हा त्या कथेची सुरुवात होऊन राहतो, पेखा शेवट. संसर्गाची साखळी ज्याच्यापासून सुरू झाली, त्याला जंतू हाताळण्याच्या जागी कोणते संरक्षण होते, हा प्रश्न वीरकथेत मावतच नाही.

११/
१९१०-११ च्या हिवाळ्यात मांचुरियात फुप्फुसांच्या प्लेगने सुमारे साठ हजार माणसे मारली. हार्बिन शहरात वू लिएन-तेह या तरुण डॉक्टरने निष्कर्ष काढला की ही साथ उंदरांमुळे पसरत नसून माणसाच्या श्वासातून पसरते आहे. त्याने कापूस आणि जाळीदार कापड यांच्या थरांचा मुखपट्टा करून तो वापरण्याचा आग्रह धरला. अनुभवी फ्रेंच डॉक्टर जेराल्ड मेनी यांना हे पटले नाही. जानेवारी १९११ मध्ये त्यांनी मुखपट्ट्याविना रुग्ण तपासले, आणि काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला.

१२/
मेनी भित्रे नव्हते, आळशीही नव्हते. त्यांच्या धैर्याविषयी शंका घ्यायला जागा नाही. आणि त्या धैर्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. शंभर वर्षांपूर्वी मिळालेला हा धडा स्वच्छ आहे : श्वासातून पसरणाऱ्या रोगापुढे शौर्य हे संरक्षण नव्हे. तेथे कापडाचे थर, हवेचा झोत आणि अंतर हेच कामी येतात. ‘योद्धा’ या शब्दाने नेमके हेच झाकले जाते, कारण तो आपले लक्ष मनोबलाकडे वळवतो आणि सामग्रीवरून काढून घेतो.

१३/
आता करोना विषाणूंच्याच कुळात येऊ. सन २००३, सार्स. फेब्रुवारीअखेर हनोई येथील फ्रेंच रुग्णालयात एक व्यापारी दाखल झाला आणि तेथील कर्मचारी एकामागून एक आजारी पडू लागले. जागतिक आरोग्य संघटनेचे डॉ. कार्लो उर्बानी यांनी जगाला सावध केले. २९ मार्च रोजी त्याच रोगाने त्यांचे बँकॉकमध्ये निधन झाले. जगभरात एकूण ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू. आणि रुग्णांपैकी १,७०६ जण आरोग्य कर्मचारी होते. म्हणजे दर पाचांत एक!

१४/
टोरोंटोची कथा अधिक बोचरी आहे. मे २००३ मध्ये साथ संपल्याचे मानून रुग्णालयांतील खबरदारी शिथिल केली गेली. नॉर्थ यॉर्क येथील रुग्णालयात परिचारिका सांगत होत्या की काहीतरी बिनसले आहे. त्यांचे ऐकले गेले नाही, आणि दुसरी लाट आली. शहराने दोन परिचारिका आणि एक डॉक्टर गमावले. न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांच्या आयोगाने नंतर जो सर्वांत मोठा धडा सांगितला त्याचा आशय असा : वैज्ञानिक खात्री पटेपर्यंत थांबू नका, शंका असेल तर कर्मचाऱ्याला अधिक संरक्षण द्या.

१५/
येथे पहिला आक्षेप येतो : ‘२०२० चा विषाणू नवा होता, कुणाला काय ठाऊक?’ विषाणू नवा होता, कूळ नवे नव्हते. २००३ नंतर २०१५ मध्ये दक्षिण कोरियात मर्स आला. १८६ रुग्ण, आणि लागण प्रामुख्याने रुग्णालयांच्या भिंतींआड. २० जानेवारी २०२० रोजी चीनने माणसाकडून माणसाला लागण होते हे जाहीर केले, तेव्हाच वूहानमधील चौदा आरोग्य कर्मचारी बाधित झाल्याचे सांगितले गेले. १४ फेब्रुवारीपर्यंत चीनचा अधिकृत आकडा १,७१६ वर गेला होता. आपल्याकडे टाळ्या वाजल्या त्या २२ मार्चला. मधले महिने कोणाच्या खाती मांडायचे?

१६/
आता हवेचा प्रश्न. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बाल्टिमोर येथे क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा नळांवाटे गिनिपिगांकडे सोडली गेली आणि त्यांना क्षय झाला; अतिनील किरणांनी शुद्ध केलेली हवा ज्यांना मिळाली, ते वाचले. रोग हवेतून जाऊ शकतो, याचा हा प्रत्यक्ष पुरावा. तरीही २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ठणकावून सांगितले की करोना हवेतून पसरत नाही. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांना जाहीर पत्र लिहावे लागले. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने खेळत्या हवेवर भर देणारी पत्रिका काढली ती मे २०२१ मध्ये, दुसरी लाट हाहाकार माजवून गेल्यावर.

१७/
हा केवळ शास्त्रार्थ नव्हता. रोग फक्त थुंकीच्या थेंबांनी पसरतो असे मानले, की साधा शस्त्रक्रियेचा मास्क पुरतो. हवेतून पसरतो असे मानले, की प्रत्येकाला एन-९५ द्यावा लागतो आणि खिडक्या उघडाव्या लागतात. पहिले मत स्वस्त होते. एप्रिल २०२० मध्ये बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांतील सुमारे पाचशे कर्मचाऱ्यांचे रक्त तपासले गेले. लागणीच्या सर्वाधिक खुणा सापडल्या त्या साफसफाई करणाऱ्यांत, ३४.५ टक्के. अतिदक्षता विभागात, जेथे सर्वांत गंभीर रुग्ण होते, तेथे १४.८ टक्के.

१८/
हे दोन आकडे पुन्हा वाचावेत. मृत्यूच्या सर्वांत जवळ उभे असलेल्यांना लागण कमी, आणि फरशी पुसणाऱ्यांना दुपटीहून अधिक. कारणे अनेक असतील; पण चांगला मास्क कोणाच्या तोंडावर होता, हे त्यांतले उघड कारण आहे. केंब्रिजच्या अ‍ॅडनब्रुक्स रुग्णालयाने २०२० च्या अखेरीस करोना कक्षांतील साधे मास्क बदलून उच्च दर्जाचे दिले, तेव्हा त्या कक्षांत काम केल्याने होणारी जादा लागण जवळजवळ नाहीशी झाली. माणसे तीच, कक्ष तेच, मनोबलही तेच. बदलला तो मास्क.

१९/
दुसरा आक्षेप : ‘धोका पत्करणे हा वैद्यकाचा धर्मच आहे.’ मान्य. परंतु खाणीत उतरणाऱ्या मजुराला धोका असतो म्हणून त्याला शिरस्त्राण नाकारले जात नाही. मार्च २०२० मध्ये देशात काही ठिकाणी डॉक्टरांना रेनकोट आणि दुचाकीचे हेल्मेट घालून रुग्ण तपासावे लागले. एप्रिलच्या आरंभी मुंबई सेंट्रल भागातील एका मोठ्या खासगी रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले व संपूर्ण रुग्णालय प्रतिबंधित क्षेत्र ठरले. जेथे बरे व्हायला जायचे, ती जागाच साथीचे केंद्र बनली. धोका पत्करणे हा धर्म असेल, तर तो कमी करणे हा व्यवस्थापनाचा धर्म नव्हे काय?

२०/
गौरवाचा शब्द किती सोयीचा असतो, याचे टोकाचे उदाहरण वूहानचे. नेत्रतज्ज्ञ डॉ. ली वेनलियांग यांनी डिसेंबर २०१९ च्या अखेरीस सहकाऱ्यांना नव्या रोगाबद्दल सावध केले. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांना अफवा पसरवल्याबद्दल समज दिली. ७ फेब्रुवारी रोजी ते करोनानेच गेले. एप्रिलच्या आरंभी त्यांना अधिकृतपणे ‘हुतात्मा’ घोषित केले गेले. जिवंतपणी जो बोलल्याबद्दल दोषी ठरला, तो मेल्यावर वंदनीय झाला. हुतात्मा प्रश्न विचारत नाही, ही सत्तेच्या दृष्टीने त्याची मोठी सोय आहे.

२१/
‘पण आपल्याकडे कायदा केला, विमा दिला’ हा तिसरा आक्षेप. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने १८९७ च्या कायद्यात सुधारणा झाली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करणाऱ्यास तीन महिने ते पाच वर्षे, आणि गंभीर इजा केल्यास सात वर्षांपर्यंत कैद. हे योग्यच होते. परंतु दगड मारणाऱ्याला शिक्षा सांगणाऱ्या या सुधारणेत, मास्क न पुरवणाऱ्या किंवा कोंदट कक्षात बारा तास राबवणाऱ्या मालकाविषयी एक अक्षर नाही. आणि पन्नास लाखांचा विमा मृत्यूनंतर मिळत असे. लागण होऊ नये यासाठी तो काहीच करीत नव्हता.

२२/
काही वाचक म्हणतील, लोकांच्या टाळ्या आणि थाळ्या तरी निर्मळ मनाच्या होत्या. होत्याच. गॅलरीत उभ्या राहिलेल्या माणसाची कृतज्ञता खरी होती. हा वाद त्या माणसाशी नाही. ३ मे २०२० रोजी वायुदलाने रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. फुले वाईट नसतात; पण फुलांच्या वर्षावाचे चित्र पाठ्यपुस्तकात जाईल आणि मृतांची यादी जाणार नाही, ही भीती आहे. कृतज्ञतेला हिशेबाची जागा घेऊ दिली, की ती हिशेब बुडवणाऱ्याच्याच कामी येते.

२३/
जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगात सुमारे १,१५,५०० आरोग्य कर्मचारी करोनाने मृत्यू पावले. हा मधला अंदाज. खालची मर्यादा ८०,००० आणि वरची १,८०,०००. दोन मर्यादांमध्ये एक लाखाचे अंतर! एकविसाव्या शतकात, संगणकीय हजेरीपटांच्या युगात, एक लाख माणसे ‘असतील किंवा नसतील’ या सदरात जमा आहेत.

२४/
तर मग इतिहासप्रेमींनी काय करावे? हे काम आपल्या आवाक्यात आहे. आपल्या तालुक्यातील रुग्णालयात त्या दोन वर्षांत कोण आजारी पडले, कोण गेले, याची नावे गोळा करा. पद, वय, कायम नोकरी की कंत्राटी, मास्क कोणता मिळत असे, हे कुटुंबीयांच्या संमतीने लिहून घ्या. माहितीच्या अधिकारात मास्कखरेदीच्या नोंदी आणि हजेरीपट मागा. निवृत्त परिचारिकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करा. सफाई कामगारांपासून सुरुवात करा, कारण त्यांच्या नोंदी सर्वांत आधी नाहीशा होतील.

२५/
शिवकाळातील एखाद्या हवालदाराचे नाव सापडावे म्हणून आपण मोडीचे रुमाल धुंडाळतो. २०२० मधील परिचारिकेचे नाव धुंडाळायला मोडी शिकावी लागत नाही. तिचे सहकारी अजून त्याच कक्षात काम करीत आहेत. आणखी वीस वर्षांनी मात्र तेही निवृत्त झालेले असतील, वह्या रद्दीत गेलेल्या असतील, आणि उरेल तो एक गुळगुळीत शब्द. पुढची साथ आल्यावर तोच शब्द पुन्हा बाहेर काढला जाईल आणि पुन्हा मास्कऐवजी वाटला जाईल. तसे होऊ नये यासाठी नावे आजच लिहायला हवीत.

(धागा समाप्त. आपल्या गावातील नोंदी हाती असतील, तर संबंधितांची संमती घेऊन प्रतिसादात जोडाव्यात.)